धुराविना अग्नी



शरणांच्या वचनांवर चिंतन करताना आपण बहुधा मन, भाव आणि अहंकार यांचा विचार करतो. देहाचा विचार ओघाने येतो आणि मागे पडतो. परंतु शरणांनी देहाला कधीच तुच्छ लेखले नाही. महात्मा बसवण्णांनी देहालाच देवालय मानले; अंगावर लिंग धारण करावयास सांगितले; अंगाने करावयाच्या प्रामाणिक श्रमाला कायक म्हणून पूजेची योग्यता दिली. ज्या धर्मात अंगाला एवढे स्थान आहे, त्या धर्माच्या अनुयायांनी अंगाच्या दुखण्याचा विचार केवळ वैद्यांवर सोपवून मोकळे होणे बरे नाही.

म्हणून या अंकात एक प्रश्न आपल्यापुढे ठेवीत आहोत. आपल्या घरातील वा मठातील कोणी म्हणते, 'मला दुखते.' आपण पाहतो तर सूज नाही, जखम नाही, ताप नाही. तपासणीचे कागदही निर्दोष आहेत. अशा वेळी आपले कर्तव्य काय? त्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, की पुरावा मिळेपर्यंत थांबावे?

प्रश्न लहान वाटेल. आम्हालाही तो लहानच वाटत होता. त्याचे वजन एका प्रसंगाने कळले, आणि तो प्रसंग आमच्याच चुकीचा आहे. तो सांगितल्यावाचून पुढचे लिहिण्याचा अधिकार आम्हाला पोहोचत नाही.

आमच्या हुबळीतील केशवापुरात एक भक्तीण राहतात. वय पन्नाशीच्या अलीकडचे. त्यांना लहानथोर सारेच अक्का म्हणतात. पहाटे उठून स्नान, इष्टलिंगपूजा, आणि मग खानावळींसाठी ज्वारीच्या भाकरी थापणे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. मठातील दासोहाच्या दिवशी त्यांच्या भाकरीची चवड सर्वांत उंच असे. काही वर्षांपूर्वी त्यांचा नेम ढासळू लागला. भाकऱ्या कमी झाल्या, मग दासोहाला येणे कमी झाले. बायकांत कुजबूज सुरू झाली की अक्का आता अंग चोरतात. एके दिवशी त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अप्पाजी, पहाटे बोटं मिटत नाहीत. लिंग तळहातावर घेतलं की हात लटपटतो. पडेल की काय अशी भीती वाटते. शिवदोऱ्याची गाठसुद्धा सुटत नाही."

आम्ही त्यांचे हात पाहिले. हात नेहमीसारखेच दिसत होते. डॉक्टरांनी रक्त तपासले होते, त्यात काही निघाले नव्हते. दुखणे मनाचे असावे असे त्यांना सांगण्यात आले होते. आम्हीही तेच वळण घेतले. म्हणालो, "अक्का, मन स्थिर नसले की हात स्थिर राहत नाही. जप वाढवा. शिवाय काही भोग मागचे असतात, ते सोसूनच संपतात." अक्का नमस्कार करून गेल्या. त्यानंतर दीड वर्ष त्या मठात आल्या नाहीत, आणि आम्हीही चौकशी केली नाही. पुन्हा भेटल्या तेव्हा बोटांची पेरे सुजून वाकडी झाली होती. दुसऱ्या एका डॉक्टरांनी नव्याने तपासण्या केल्या होत्या आणि रोगाचे नाव निघाले होते: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. एक्स-रेमध्ये हाडांच्या कडा झिजलेल्या दिसत होत्या. हा रोग पहिल्या काही महिन्यांत ओळखून औषध सुरू केले तर सांध्यांची हानी पुष्कळ अंशी टाळता येते, हे आम्हाला तेव्हा कळले. ते महिने आमच्या उपदेशात गेले होते.

या रोगाला आपल्याकडे लोक संधिवात वा आमवात म्हणतात. माधवकरांच्या 'माधवनिदान' या प्राचीन ग्रंथात आमवाताचा स्वतंत्र अध्याय आहे. तो हाच रोग असे तंतोतंत म्हणता येणार नाही, पण सांध्यांना जखडणाऱ्या दुखण्याकडे आपल्या वैद्यांचे लक्ष शेकडो वर्षांपूर्वी गेले होते एवढे निश्चित. आजचे वैद्यक या रोगाला ऑटोइम्यून म्हणते. त्याचा अर्थ असा. आपल्या रक्तात रक्षकांची एक सेना असते. बाहेरून आलेला जंतू ओळखावा आणि त्याला मारावे, हे तिचे काम. आपले कोण आणि परके कोण, हे तिला जन्मापासून शिकावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञांनी असे मत मांडले होते की शरीर स्वतःच्याच पेशींना मारण्यास धजत नाही. पुष्कळ वर्षे विद्वानांनी ते प्रमाण मानले. पुढे १९५६ साली अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांवर प्रयोग करून दाखविले की शरीराची सेना शरीराच्याच एका ग्रंथीवर उलटू शकते. ती सेना सहसा का उलटत नाही, तिला आवर घालणाऱ्या पेशी कोणत्या, याचा शोध लावणाऱ्या मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना २०२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही सेना सांध्याच्या आतील अस्तरावर चालून गेली म्हणजे तेथे रसायने पाझरू लागतात. टीएनएफ, इंटरल्युकिन अशी त्यांची नावे आहेत. ती दोन कामे करतात. एक, अस्तर सुजवितात आणि हाड झिजवितात. दुसरे, तेथील वेदनावाहक मज्जातंतूंचा उंबरठा खाली आणतात. निरोगी मज्जातंतू चटका किंवा घाव असल्याशिवाय ओरड करीत नाही. उंबरठा खाली आला की नुसते बोट वाकविले तरी तो ओरडतो. यांतील काही रसायनांचे प्रमाण पहाटेच्या सुमारास वाढते. म्हणून या रोग्यांचे सांधे सकाळी तास-दोन तास आखडलेले असतात. आणि ओरड पुष्कळ दिवस चालली की पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूही बदलतो. येणारा प्रत्येक निरोप तो मोठा करून मेंदूकडे पाठवू लागतो. मज्जारज्जूच्या या वाढीव संवेदनशीलतेचा पुरावा क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली दिला. म्हणून मूळ आग विझली तरी दुखणे उरते. अक्कांचेही तसेच झाले. औषधाने सूज उतरली, रक्ताचे आकडे सुधारले. दुखणे मात्र पूर्ण गेले नाही.

आता वाचकहो, आमच्या दोन चुकांकडे वळू.

पहिली चूक म्हणजे 'मागचा भोग' हे शब्द. ते आपल्या तोंडी इतके रुळले आहेत की उच्चारताना विचारही होत नाही. परंतु लिंगायत धर्मात दीक्षेच्या वेळी गुरू आणव, माया आणि कार्मिक या तीन मलांचे निवारण करतो असे आपण मानतो. अक्कांना लहानपणी दीक्षा झालेली आहे. मग ज्या मठाने दीक्षेत कर्ममल जाळल्याचे सांगितले, त्याच मठाने त्यांच्या बोटांच्या पेऱ्यांत ते पुन्हा कोठून शोधून काढले? एक तर दीक्षेवर आमची श्रद्धा नव्हती, किंवा दुसऱ्याच्या दुःखापुढे बोलण्यासारखे काही सुचले नाही म्हणून हाताशी आलेला शब्द आम्ही फेकला. विचार केल्यावर दुसरेच खरे आहे असे दिसते. ज्याचे दुखते त्याला सांत्वन हवे असते. आणि आपल्याला हवे असते ते हे समाधान, की जे त्याला झाले ते आपल्याला होणार नाही, कारण त्याचे कर्म वेगळे. 'भोग' या शब्दाने आपण स्वतःलाच धीर देत असतो.

काही सुशिक्षित मंडळी कर्माचे नाव घेत नाहीत, पण तेच नव्या भाषेत सांगतात. शरीर स्वतःवरच उलटले, म्हणजे या माणसाच्या मनात स्वतःविषयी राग असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. यात रूपकालाच कारण समजण्याचा दोष आहे. रक्तातील पेशीला राग नाही, लोभ नाही, आत्मनिंदा नाही. तिची ओळख चुकते, एवढेच. त्या चुकीला आनुवंशिकतेचा हातभार लागतो, धूम्रपानाचा लागतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा रोग दोन-तीन पट अधिक होतो. आता स्त्रियांच्या मनात पुरुषांच्या तिप्पट पाप वा तिप्पट राग असतो असे कोणी म्हणणार आहे काय?

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. ती प्रमाणाची चूक. आम्ही तरुणपणी संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्राचे प्राथमिक ग्रंथ शिकलो. तेथे प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणे घोकून घेतली जात. दुसऱ्याच्या वेदनेचे ज्ञान आपल्याला यांपैकी कोणत्या मार्गाने होते? प्रत्यक्षाने नाही. 'वेदना' हा शब्दच 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे, आणि ते जाणणे ज्याचे त्यालाच होते. आपल्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक अनुमान: सूज दिसते, म्हणून दुखत असेल. दुसरा शब्द: ती सांगते, म्हणून दुखत असेल. आम्ही शब्द टाकला आणि अनुमान धरले. सूज नाही, म्हणून दुखणे नाही, असा निष्कर्ष काढला.

पण हे अनुमानही शुद्ध नव्हते. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती खरी. जेथे धूर नाही तेथे अग्नी नाही, ही मात्र खरी नव्हे. नैयायिकांनी त्यासाठी तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दृष्टान्त दिला आहे. त्यात अग्नी आहे, धूर नाही. हुबळीसारख्या रेल्वे कारखान्याच्या गावात हा दृष्टान्त कोणाला समजावून सांगावा लागत नाही. भट्टीतून काढलेल्या लोखंडाला धूर नाही म्हणून कोणी हात लावीत नाही. पाठशाळेत हे उदाहरण आम्ही अस्खलित म्हणून दाखवीत असू. अक्का समोर उभ्या राहिल्या तेव्हा ते आठवले नाही.

अलीकडच्या काळात संशोधकांनी या धुराविना अग्नीचा शोध घेतला आहे, आणि त्यांच्या हाती जे लागले ते आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रोग्यांच्या रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे असतात. ती पुष्कळदा सूज येण्याच्या काही वर्षे आधीपासून तेथे असतात. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेत कॅमिला स्वेन्सन यांच्या गटाने रोग्यांच्या रक्तातून ती वेगळी काढून उंदरांना टोचली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार उंदरांना दुखू लागल्याची लक्षणे दिसली, पण सांध्यांना सूज आली नाही. याच्या उलट बाजूचा दाखला जर्मनीतील एर्लांगन येथून आला. तेथील संशोधकांनी २०११ साली दाखविले की टीएनएफला अडविणारे औषध दिल्यावर एका दिवसाच्या आत मेंदूतील वेदनेची खळबळ कमी होते. सांध्याची सूज मात्र तेव्हा तशीच असते. म्हणजे सूज नसताना वेदना असू शकते, आणि सूज असताना वेदना उतरू शकते. दोन्हींचा जन्म एका घरी झाला तरी दोन्हींची चाल एक नाही. टीएनएफला अडविण्याचा हा उपाय लंडनमध्ये १९९०च्या दशकात मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी सिद्ध केला. यांतील मैनी यांचा जन्म लुधियान्याचा, हे सांगितल्यास आपणास आनंद होईल.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट फायब्रोमायाल्जियाची. या दुखण्यात सर्व अंग दुखते, पण सांधा सुजत नाही, हाड झिजत नाही, रक्तात काही सापडत नाही. असे रोगी, आणि त्यांत स्त्रियाच बहुसंख्य, वर्षानुवर्षे 'तुम्हाला काही झालेले नाही' हे वाक्य ऐकत आले. २०२१ साली लंडनचे किंग्ज कॉलेज, लिव्हरपूल विद्यापीठ आणि कॅरोलिन्स्का येथील संशोधकांनी अशा रोग्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना दिली. उंदीर दाबाला आणि थंडीला कळवळू लागले, त्यांची हालचाल मंदावली, पंजांची पकड सैल झाली. निरोगी माणसांची प्रतिपिंडे दिलेल्या उंदरांना काही झाले नाही. काही आठवड्यांनी प्रतिपिंडे शरीरातून निघून गेल्यावर पहिले उंदीरही बरे झाले. हा शोध अजून पुढे चालू आहे आणि प्रत्येक रोग्याचे दुखणे याच मार्गाने येते असे म्हणता येणार नाही. परंतु पंजाची पकड सैल झाल्याचे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे अक्कांचा डावा तळहात आला.

येथे क्षणभर थांबून त्या उंदरांचाही विचार केला पाहिजे. दयेला धर्माचे मूळ मानणाऱ्या आपणांस तो टाळता येणार नाही. त्या मुक्या प्राण्यांना कोणी विचारले नव्हते. दुसऱ्याचे दुखणे त्यांच्या अंगात घातले गेले. शास्त्रज्ञांनाही याची टोचणी आहे. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली असा आग्रह धरला की जेथे पर्याय असेल तेथे प्राणी वापरू नयेत, वापरलेच तर कमीत कमी वापरावेत, आणि त्यांना कमीत कमी पीडा द्यावी. आपल्या देशात प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० सालचा आहे आणि प्रयोगांवर त्याचे नियंत्रण आहे. एवढ्याने दोष पुरता फिटतो असे आम्ही म्हणणार नाही. ते ऋण आहे. पण त्या ऋणाचे एक स्वरूप आपल्याला लाजविणारे आहे. उंदराने पंजा मागे ओढला आणि आपण म्हणालो, याला दुखते. बाईने तोंडाने सांगितले, आणि आपण म्हणालो, पुरावा कोठे आहे? मुक्या जिवाच्या हालचालीला जे प्रामाण्य आपण दिले, ते माणसाच्या शब्दाला दिले असते तर त्या उंदरांपैकी काहींची गरज तरी पडली असती काय, हा प्रश्न आम्हाला सुटत नाही.

म्हणून शब्दप्रमाणाकडे परत यावे लागते. आप्त कोण? जो वस्तू जशी आहे तशी जाणतो आणि तशीच सांगू इच्छितो, तो आप्त. स्वतःच्या वेदनेच्या बाबतीत दुखणाऱ्या माणसाइतका जाणता दुसरा कोण असणार? वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली होती. २०२० साली ती सुधारताना तिने स्पष्ट केले की माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, आणि बोलता न येणाऱ्यालाही वेदना असू शकते. आधुनिक शास्त्र फिरून फिरून आप्तवाक्यापाशी आले, असे म्हणावयास हरकत नाही.

यावर कोणी विचारील, "अप्पाजी, मग जो कोणी दुखते म्हणेल त्याचे खरे मानायचे काय? कायक टाळणारे थोडे आहेत काय?" आक्षेप योग्य आहे. कायकाला पूजा मानणाऱ्या समाजात आळसाची शंका येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर दोन भागांत देतो.

पहिले असे की 'दुखते' आणि 'कशामुळे दुखते' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यात दुखणारा आप्त आहे. दुसऱ्यात तो आप्त असेलच असे नाही. कोणी म्हणेल दृष्ट लागली, कोणी म्हणेल भाऊबंदांनी करणी केली. ते मानावयाचे कारण नाही. कारण शोधणे हे वैद्याचे काम. आमचा प्रमाद हा की पहिल्या विधानावर आम्ही अविश्वास दाखविला आणि दुसऱ्यात, जेथे आम्हाला काहीच अधिकार नव्हता, तेथे मत दिले.

दुसरे असे की दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या वजनाच्या नाहीत. खोटे बोलणाऱ्यावर विश्वास ठेवला तर दासोहात शंभर भाकरी कमी पडतील, दुसरे कोणी त्या थापील. खरे बोलणाऱ्यावर अविश्वास ठेवला तर झिजलेले हाड पुन्हा भरून येत नाही, आणि त्या माणसाचे मठात येणे थांबते. तराजूत दोन्ही घालून पाहा. मठाला कोणती चूक परवडेल?

विश्वासाने प्रश्न विचारला म्हणजे काय हाती लागते, याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर उजनीच्या पाणलोटाजवळ भिगवण हे गाव आहे. १९९६ साली पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न असलेल्या एका उपक्रमाखाली तेथे गेले. त्यांनी रोगी दवाखान्यात येण्याची वाट पाहिली नाही. कार्यकर्ते घरोघर फिरले आणि प्रत्येक प्रौढाला आधी दुखण्याविषयी विचारले, तपासणी त्यानंतर. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांनी, म्हणजे शेकडा अठरांनी, सांधे, स्नायू वा हाडे यांचे दुखणे सांगितले. त्यांतील बहुतेकांची दुखणी सांध्यांच्या झिजेची आणि श्रमाची होती. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे अर्धा टक्का निघाले. अर्धा टक्का म्हणजे दोनशेत एक. आपल्या मठाच्या कार्तिक उत्सवाच्या पंगतीत हजार माणसे जेवतात. हेच प्रमाण धरले तर त्यांत पाच जण अक्कांसारखे असतील, आणि दुखणे घेऊन पंगतीत बसलेले दीडशेहून अधिक. पंगतीत मांडी घालून बसताना ज्याचा चेहरा आक्रसतो त्याच्याकडे आपण कधी पाहिले आहे काय? २००६ साली महाराष्ट्र-कर्नाटकात चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा ताप गेल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले, हे आपल्यापैकी अनेकांनी स्वतः भोगले आहे. तेवढ्या अनुभवाने तरी आपण शहाणे व्हावयास हवे होते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुखणे न बोलता सोसणे ही साधना आहे, औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी, असे काही भक्त समजतात. शून्यसंपादनेतील अल्लमप्रभू आणि गोरक्ष यांची कथा आपणास ठाऊक आहे. गोरक्षाला आपल्या वज्रदेहाचा अभिमान होता. तलवार अंगावर आपटली तर खणखणाट होई. प्रभुदेवांनी त्याला दाखवून दिले की देह कठीण करणे ही सिद्धी नव्हे. घाव लागत नाही हा अभिमानही देहाचाच अभिमान. आपण मात्र आजाऱ्याकडून वज्रदेहाची अपेक्षा करतो आणि ती पुरी झाली नाही की त्याची भक्ती उणी ठरवितो. शरणांच्या मेळ्यात वैद्य संगण्णा होते. वैद्यकी हेच त्यांचे कायक होते. वैद्यकी करणे हे कायक असेल, तर वैद्याकडे जाणे हा कमीपणा कसा होईल?

असो. अक्कांचे पुढे काय झाले ते सांगून पुरे करतो. रोगाचे नाव कळल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. मठाधिपतीने क्षमा मागावी हे त्यांना अवघडल्यासारखे झाले, पण आम्हाला ते टाळता येण्यासारखे नव्हते. त्या आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळी घेतात, वेळोवेळी रक्त तपासून घेतात. ही गोळी चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते, म्हणून घरातल्या मुलाने दिनदर्शिकेवर तिचा वार लिहून ठेवला आहे. पूजेविषयी त्यांनी विचारले. आम्ही सांगितले की सांधे मोकळे झाल्यावर, नऊ वाजता वा दहा वाजता पूजा करावी; मनगटाखाली घडी घातलेले वस्त्र ठेवून हात मांडीवर टेकवावा. पहाटेची वेळ आपल्या शिस्तीसाठी आहे, लिंगाला तिची गरज नाही. भाकरी थापणे त्यांनी सोडले. आता दासोहाच्या दिवशी नव्या मुलींना पीठ मळण्यापासून शिकवितात. तेही कायकच. भोजनगृहाच्या एका भिंतीशी आम्ही बाके लावली आहेत. ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी कारण न सांगता तेथे बसावे.

मागच्या महिन्यात अक्का भेटल्या तेव्हा आम्ही विचारले, "कसे आहे?" त्या म्हणाल्या, "दुखतंय, अप्पाजी. पण आता सांगायला लाज वाटत नाही."

दुखणे नाहीसे करणे आमच्या हाती नव्हते, आजही नाही. लाज मात्र आम्हीच दिली होती. तेवढी तरी परत घेता आली.

वाचकहो, आज घरी गेल्यावर आपल्या माणसांपैकी ज्याच्या दुखण्याला आपण 'त्याचे नेहमीचेच' म्हणून हसलो असू, त्याच्याजवळ बसा आणि कोठे दुखते ते विचारा. उत्तर मिळाले की उपदेश करू नका. पुरते ऐका, आणि उद्या सकाळी त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.

शरणु शरणार्थी.